उजव्या दाढेची दुरुस्ती

माझ्या खालच्या उजव्या दाढेत विवर निर्माण झाले असल्याचा शोध मला गेल्या शिमग्याच्या सुमारास, बांगड्याचा एक काटा तेथे जाऊन बसला तेव्हा लागला. काटा निघाला; विवर मात्र राहिले आणि घास चावताना ठणकू लागले. गेली एकतीस वर्षे मी तारकर्लीच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करीत आहे. पूर्वी लाकडी होड्यांच्या फटी बुजवीत असे, हल्ली फायबरच्या होड्यांची भोके बुजवितो. तेव्हा भोक पाहून भिण्याचा माझा स्वभाव नव्हे. परंतु दंतवैद्याच्या यंत्राचा तो बारीक, टोकदार आवाज मी लहानपणी मालवणात दाराबाहेरूनच ऐकला होता आणि चपला तेथेच टाकून पळालो होतो, हे सत्य नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझी कन्या भक्ती घाटावरच्या एका महाविद्यालयात दातांचेच शास्त्र शिकत असून यंदा तिचे शेवटचे वर्ष आहे. वास्तविक ही गोष्ट मी प्रथम तिलाच सांगावयास हवी होती. परंतु ज्याची कन्या दंतवैद्य होणार त्या गृहस्थाच्याच दाढेत भोक असावे, याची मला लाज वाटली. शिवाय सांगितले असते तर तिने मला त्या खुर्चीत बसविले असते.

म्हणून मी स्वतःच चिंतन केले. मोबाइलवर एका दाढीवाल्या गृहस्थाचे व्याख्यान ऐकले होते, की दाताला योग्य क्षार मिळाले तर दात आपले भोक आपणच भरून काढतो. दात चुन्याचा, आणि खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपलेही चुन्याचेच. तिसऱ्यांचे कालवण खाऊन आम्ही शिंपले माडाच्या मुळाशी ओततो, म्हणजे औषधाचा ढीग परसातच पडलेला! मी ते शिंपले धुतले, आठ दिवस उन्हात वाळविले, कुटले, वस्त्रगाळ केले, त्यात लवंग व हळद मिसळली आणि खोबरेल तेलात कालवून तो लेप सकाळ-संध्याकाळ दाढेत दाबू लागलो. जोडीला रोज पंधरा मिनिटे खोबरेल तेलाची चूळ.

माझी पत्नी सुगंधा या काळात विलक्षण प्रसन्न दिसे. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तोंडात त्याल घेतल्यात काय पंधरा मिन्टा तुमी गप रवतास. ह्या औषध तुमच्या दाढेक लागू पडो नायतर नको, माका पडला."

सहाव्या आठवड्यात ठणका थांबला. दाढ बरी झाल्याचे मी वाडीत जाहीर केले आणि चूर्णाच्या डब्या भरून ज्याला हवी त्याला, व ज्याला नको त्यालाही, दिल्या. शेजारचा पायस हा माझा बालमित्र. त्याचा माडांचा व्यवसाय आहे. महिन्याभराने तो कुंपणावरून ओरडला, "हऱ्या, तुझ्या चूर्णाचो गुण इलो हां!"

"दाढ बरी झाली?" मी उत्सुकतेने विचारले.

"दाढेचा माका म्हायत नाय. माझ्या बायलेन, अ‍ॅनीन, डबी कोंबड्यांफुडे ओतल्यान. आता अंड्याचा कवच इतक्या घट झाला, फोडूक कोयतो होयो!"

मी त्याकडे दुर्लक्ष केले.

असे सर्व सुरळीत चालले असता एका रविवारी भक्ती अचानक घरी आली. पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच ती म्हणाली, "आई, माझो पेशंट पळवल्यानी."

पेशंट पळविणे हा काय प्रकार, ते तिने सांगितले तेव्हा समजले. गुरुवारी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्या परीक्षेत परीक्षकांसमोर जिवंत माणसाची दाढ भरून दाखवावी लागते, आणि तो माणूस विद्यार्थ्याने स्वतःच शोधून आणावयाचा असतो. भोकही वाटेल तसले चालत नाही. ते दोन दाढांच्या मधल्या अंगाला असावे, मध्यम खोल असावे, नसेपर्यंत पोहोचलेले नसावे. भक्तीने कॉलेजच्या फाटकावरचा चहावाला महिनाभर सांभाळून ठेविला होता. त्याला दुसऱ्या एका विद्यार्थ्याने बिर्याणी खाऊ घालून आपल्याकडे वळविले. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर सहा महिने वाया.

सोमवारी सकाळी तिने आमच्या घरापुढच्या खळ्यात खुर्ची मांडली आणि छोटा आरसा घेऊन वाडीतील तोंडे तपासावयास घेतली. पायसची दाढ पाहून ती म्हणाली, "काका, ही भरूची नाय, काढूची आसा." मच्छी विकणारा अजय आला, त्याचे दात ओल्या खोबऱ्यासारखे निरोगी निघाले, याचे प्रथमच कोणाला तरी दुःख झाले. ऐंशीच्या घरातील यशोदाकाकी तर एकही दात नसताना येऊन बसल्या. "नसले म्हणान काय झाला? हिरड्यो तरी बघ गो," असे म्हणून त्यांनी आ केला.

दुपारपर्यंत अकरा तोंडे झाली आणि भक्तीचे तोंड उतरले. तेव्हा सुगंधा तांदूळ निवडता निवडता, कोणाकडेही न पाहता म्हणाली, "आमच्या घरात एक दाढ होती तशी. पण ती बरी झाली म्हणतत."

"खंयची दाढ?" भक्ती माझ्याकडे वळली.

"ती... ती बरी झाली," मी म्हणालो आणि काम असल्याचे सांगून किनाऱ्याकडे निघून गेलो.

काम खरोखरच होते. एक होडी उलटी घातलेली होती. तिच्या तळाला पडलेले भोक मालकाने स्वतःच वरून लांबीचा लगदा थापून बुजविले होते. मी पटाशीने ती लांबी उडविली, तो फायबरच्या आतील लाकडाचा थर हातभर कुजलेला. मालक शेजारीच उभा होता. मी त्याला म्हणालो, "आत कुजलेला तसाच ठेवन वरसून लिंपलंस? गळूचा थांबला म्हणान होडी बरी झाली काय रे?"

दोन वाक्ये मी त्याला सुनावली. तिसरे मात्र माझ्याच दाढेशी येऊन अडले. मी जिभेने दाढ चाचपली. ठणका नव्हता हे खरे, परंतु गेले तीन महिने मी सर्व जेवण डाव्या बाजूनेच चावीत होतो, हेही तितकेच खरे होते. मी पटाशी वाळूत ठेविली आणि घरी परतलो.

भक्ती खुर्ची आत नेत होती. मी तिच्या हातून ती घेतली, पुन्हा खळ्यात मांडली, बसलो आणि डोळे मिटून तोंड उघडले.

भक्तीने आरसा आत सरकविला. तिने आकड्याने काहीतरी खरवडले आणि विचारले, "बाबानू, ह्या पांढरा काय?"

"तिसऱ्यो," सुगंधाने माझ्या वतीने उत्तर दिले.

भक्ती हसली नाही. ते मला अधिक जड गेले. तिने समजावून सांगितले, की दातावर नुसता पांढुरका डाग असतो तेव्हा चांगली पेस्ट लावून, गोड कमी करून तो सुधारू शकतो. परंतु एकदा खड्डा पडला की दाताला तो भरता येत नाही, मग त्यात शिंपले घाला की मोती. माझे भोक होते तेथेच होते; कदाचित थोडे वाढलेही होते. जागा मात्र परीक्षेला हवी तीच! ते अजून मध्यम आहे की नसेपर्यंत गेले आहे, हे कॉलेजातील एक्स-रेशिवाय कळणार नव्हते.

"आणि गेला आसात तर?" मी विचारले.

"तर माझी परीक्षा गेली," ती म्हणाली. "तुमी माका शिमग्याक सांगल्यात आसता तर..." तिने वाक्य पुरे केले नाही. बुधवारी आम्ही एस.टी.ने घाट चढलो तेव्हा संपूर्ण रस्ताभर मी ते मनात पुरे करीत होतो.

गुरुवारी सकाळी परीक्षक महोदयांनी माझा एक्स-रे उजेडाकडे धरला. भक्ती माझ्या शेजारी श्वास रोखून उभी होती. "हे कोण?" त्यांनी विचारले.

"माझे वडील, सर."

"नसेपर्यंत थोडेच अंतर राहिले आहे," ते म्हणाले. "पण आहे. काम जपून करा. घरात दंतवैद्य असताना इतके दिवस काय करीत होता हो तुम्ही?"

"डॉक्टर इकडे होती, साहेब," मी म्हणालो, "आणि मी घरात होतो."

मग ते यंत्र सुरू झाले. त्या आवाजाने माझे पाय आपोआप चपला शोधू लागले. तोंडात रबरी पडदा, नळी आणि माझ्या मुलीची दोन बोटे असल्यामुळे आयुष्यात प्रथमच मला कोणालाही सल्ला देता येत नव्हता. मी खुर्चीचे हात धरले आणि तिचे काम ध्यानाने पाहू लागलो, म्हणजे अनुभवू लागलो. तिने कुजलेले सर्व काढले. टणक भाग लागेपर्यंत थांबली नाही. कोरडे केले. थरावर थर भरला, घासून गुळगुळीत केला. मी जराही हललो नाही. हललो असतो तर गुण माझे नव्हे, तिचे जाणार होते.

परीक्षकांनी टोकदार आकडा भरलेल्या कडेवरून दोनदा फिरविला. तो कोठेही अडकला नाही. त्यांनी मान डोलावली व कागदावर सही केली. भक्तीने रोखलेला श्वास माझ्या कपाळावर सोडला.

"आता पेशंटला पुढच्या सूचना द्या," परीक्षक म्हणाले. हादेखील परीक्षेचाच भाग होता.

भक्ती स्टूल ओढून समोर बसली आणि शुद्ध मराठीत बोलू लागली. "डाव्या बाजूला वरती एका दाढेवर पांढरा डाग आहे, बाबा. तिथे अजून खड्डा पडलेला नाही. ती दाढ तुम्ही घरच्या घरी वाचवू शकता."

हे ऐकून माझी मान ताठ झाली. "काय लावू?"

"लावायचं काही नाही. फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, आणि नंतर खळखळून चूळ भरायची नाही. बाकी सगळं साखरेवर आहे. दिवसातून गोड चहा किती वेळा होतो?"

"तीन," मी म्हणालो.

तिने वर न पाहता कागदावर सात लिहिले.