तळमजल्याची खोली

नियम चौथा : ज्याला जिना चढता येत नाही, त्याला तळमजल्याची खोली आधी द्यावी.

टाचणी गंजते आणि कागदावर तपकिरी डाग सोडते.

चौथ्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या नवऱ्याचे पाय मार्चपासून हलत नाहीत.

उंदीर अर्ज करत नाहीत.

गृहवाटप कार्यालयात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर अर्जांच्या फायली पालथ्या मांडलेल्या आणि त्यांच्यावरून साखळीला टांगलेला पितळी लोलक फिरवणारे महाराज. लोलक ज्या फायलीवर थबकेल, तिला खोली. वर्षभरात तो पाचदा थबकला होता आणि पाचही वेळा लोकांच्या अंगावर काटा आला होता. साहेबांनी नियमांचं पुस्तक कपाटात बंद करून किल्ली महाराजांच्या पायाशी ठेवली होती.

"माणूस चुकतो," साहेब म्हणायचे, "हा नाही."

टाचणीबाई भिंतीशी उभ्या होत्या. फायली सांभाळणं आणि मांडणं त्यांचं काम. टाचणी दिसली की उपटायची आणि कागद दोऱ्यात ओवायचे, या खोडीवरून त्यांना ते नाव पडलेलं.

"ताई, मी नाही हात जोडले त्या लोलकाला," शिंपीण कुजबुजली. "आमचा देव वेगळा. घेईल का तो माझी फाईल?"

"बघू या."

"नाही घेतली, तर ह्यांना दवाखान्यात न्यायला दर खेपेला दोन हमाल शोधायचे. परवा जिन्यात पडता पडता वाचले."

महाराजांनी डोळे मिटले. "वरून संदेश येतोय. जरा पंखा बंद करा."

पंखा थांबला. लोलक फिरला, लटपटला आणि एका फायलीकडे झुकला.

"हेच ते कुटुंब," महाराज म्हणाले. "सात्त्विक. लेकुरवाळं. बिचारे अंधारात दिवस काढतायत."

साहेबांनी गहिवरून फाईल उलटली आणि वाचलं, "इमारतीतील उंदरांचा बंदोबस्त."

"लेकुरवाळं तर आहेच," मागून कोणीतरी म्हणालं.

"फायलीला अशुद्ध हात लागलेत," महाराज चिडले.

"माझेच," म्हणत टाचणीबाई पुढे आल्या. त्यांनी त्याच फायलीच्या पुठ्ठ्याआडून जाड पोलादी क्लिप काढली आणि लोलकाजवळ धरली. लोलक टणकन तिला चिकटला.

"पोटात चुंबक आहे याच्या. निवडलेली प्रत्येक फाईल माझ्याकडे अशीच क्लिप घेऊन परत आली. पाच उपटल्या मी. ही सहावी साहेबांच्या मेहुण्याच्या फायलीत होती. आज सकाळी उंदरांना दिली."

साहेबांनी घाम पुसला. "बाई, तुमचा देवावर विश्वास नाही?"

"आहे की. घरी रोज हात जोडते. पण समजा, चुंबक नसता, लोलक अगदी खरा असता, तरी तो इथे नको. नियम चुकला तर वरच्या कार्यालयात दाद मागता येते. लोलक चुकला तर हिने कुठे जायचं? हे टेबल सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचं. त्यावर एकाचा देव बसवला की बाकीच्यांनी उभंच राहायचं."

मग त्यांनी वाकून किल्ली उचलली. चौथा नियम मोठ्याने वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

शिंपिणीचं शिवणयंत्र आणि नवरा एकाच दिवशी खाली आले.

लोलक पहिल्यांदा थबकला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत टाचणीबाईही होत्या.