लेम्पीच्या कानातला रातकिडा

ओस्मो दारात आला तेव्हा कॉफी नुकतीच झाली होती. चांगली पाच कप होती. मी माझा कप भरला आणि भांडं बाजूला ठेवून दिलं. आमच्या गावात करवसुलीला आलेल्या माणसालाही कॉफी विचारतात. मी विचारली नाही, आणि ते त्याला नीट कळावं म्हणून फुंकर मारत सावकाश प्यायले.

"बसू का?"

"खुर्ची रिकामी आहे."

तो बसला आणि खिशातून एक फोन काढून टेबलावर ठेवला. बटणांचा, पाठीवर रंग उडालेला. असले फोन माझ्या हाताखालून लाखांनी गेलेत. गावात फोनची फॅक्टरी होती तेव्हा मी एकोणीस वर्षं टेस्टिंगला होते आणि हा आमचा साहेब. फॅक्टरी आवरायला घेतली तेव्हा पहिल्या फेरीत कोणाला काढलं त्यांची नावं यानेच कॅन्टीनमध्ये उभं राहून वाचली. आडनावांच्या क्रमाने, त्यात मी सतरावी. माझं नाव वाचताना त्याने कागदावरून मान वर केली नाही. तोवर आम्ही अरेतुरेत होतो. त्या दिवसापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणते, आणि आमच्याकडे हे शिवीपेक्षा झोंबतं.

"लेम्पीचा आहे," तो म्हणाला. लेम्पी म्हणजे त्याची बायको. तिला विसरायला होतंय हे गावभर माहीत होतं. "सोमवारी जुनं नेटवर्क बंद होतंय. मग हा मुका होणार."

"नवा घ्या. दुकानं भरलीत."

"तीन घेतले. एक बटाट्यांच्या पेटीत सापडला. एकाच्या काचेवर ती बोट फिरवत बसते आणि रडते. तिसरा कुठे आहे देव जाणे. तिला हाच कळतो. ती जंगलात निघून जाते, हेल्वी. मी फोन करतो, ती उचलते, समोर काय दिसतंय ते सांगते, मी जाऊन घेऊन येतो. रोज."

"आणि नाही उचलला तर?"

"घरामागे दलदल आहे," तो म्हणाला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मला गाढव व्हायला हरकत नव्हती. त्याने अजून थोडं वाकावं असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण तो वाकला नाही, नुसता बसून राहिला. नाही म्हटलं असतं तर हेल्वीला जमलं नाही असं गावभर झालं असतं. ते मला चाललं नसतं.

"ठेवून जा. शनिवारी या. आणि आभार मानू नका, तुमच्यासाठी करत नाहीये."

असा फोन नव्या नेटवर्कवर आणायचे दोनच रस्ते. एक, घरातच जुन्या पद्धतीचा छोटा टॉवर उभारायचा. त्याला सरकारी परवाना लागतो आणि तो कुंपणापलीकडे पोचत नाही. दुसरा, फोनची आतडी काढून त्या जागी नवं सर्किट बसवायचं. जुन्या फोनांचे शौकीन याला मेलेल्या पक्ष्यात पेंढा भरणं म्हणतात. म्हणोत. मी दोन दिवस खपून पेंढा भरला. बटणं तीच, दोनचा आकडा दाबून धरला की ओस्मोला फोन जातो तेही तसंच, रिंगही तीच.

शनिवारी त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. "स्वच्छ काम आहे," म्हणाला. फॅक्टरीत असंच म्हणायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

दोन दिवस पावसाने लेम्पी घरातच होती. मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला.

"तुझा फोन चालत नाही."

"चालतो."

"अकरा वेळा लावला. सकाळपासून बाहेर आहे ती."

मी गाडी काढली. दया आली म्हणून नव्हे. चूक माझी नाही हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. त्याच्या घरामागून आम्ही दलदलीच्या कडेने चालत राहिलो, तो पुढे, मी मागे नंबर लावत. तासाभराने पाइनच्या झाडांपलीकडून बारीक रिंग ऐकू आली.

लेम्पी गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात लाल बेऱ्यांची टोपली, गळ्यात दोरीला फोन, आणि तो जीव तोडून वाजत होता. ती शांतपणे आमच्याकडे बघत होती.

"लेम्पी, फोन वाजतोय," ओस्मो ओरडला.

"छे," ती म्हणाली आणि कानातल्या यंत्रावर टकटक केलं. "रातकिडा कुठे बोलला?"

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला ओढून काढलं. तिचा एक बूट चिखलातच राहिला.

"एकोणीस वर्षं टेस्टिंगला होतीस," ओस्मो धापा टाकत म्हणाला, "आणि एक फोन धड करता येईना."

"फोन वाजत होता, तुम्हीही ऐकलात. बायकोला काय ऐकू येतं आणि काय नाही, ते तुम्हाला ठाऊक नको?"

"भांडू नका, बेऱ्या सांडतील," लेम्पी म्हणाली.

परतताना गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला स्वतःचाच राग आला. जुना फोन वाजायच्या आधी जवळच्या रेडिओत कुरकुर यायची, आठवतं? तीच कानाच्या यंत्रातही यायची. लेम्पीला रिंग कधीच ऐकू येत नव्हती. ती कुरकुर ऐकून फोन उचलायची. आणि ती कुरकुर घालवण्यासाठी मी सहा वर्षं राबले होते. कानाची यंत्रं लावणाऱ्यांची तक्रारपत्रं माझ्याच टेबलावर यायची. कुरकुर निम्मी झाली तेव्हा ओस्मोने मला सगळ्यांसमोर फुलं दिली होती. आता नव्या सर्किटने ती साफ गेली होती. काम स्वच्छ झालं होतं आणि म्हातारी बुडता बुडता वाचली होती.

मी फोन पुन्हा उघडला. बोटाच्या पेराएवढी तांब्याच्या तारेची गुंडाळी केली आणि अशी जोडली, की रिंगच्या दोन सेकंद आधी कानाच्या यंत्रात तीच जुनी घाण कुरकुर उठावी. सहा वर्षं खपून जो दोष काढला तो माझ्याच हाताने परत घातला.

शुक्रवारी ओस्मो तिला घेऊन आला. ती फाटकाबाहेर गाडीत बसली, तो माझ्या अंगणात थंडीत उभा राहिला. आत या म्हणाले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत नंबर लावला. लेम्पीने आधी मान कलती केली, मग हात गळ्याकडे गेला.

"ओस्मो?"

"नाही, मी हेल्वी."

"टेस्टिंगची हेल्वी? बरं झालं फोन केलास. अगं, हा तीन रात्री झोपला नाही. फॅक्टरीतून काढायच्या लोकांची यादी करतोय. तुझं नाव खोडतो आणि पुन्हा लिहितो, कागदाला भोक पडलंय. तू सांग ना त्याला, झोप म्हणावं."

खिडकीतून ओस्मो दिसत होता. टोपी हातात धरून गाडीकडे बघत होता. त्याला यातलं काही ऐकू जात नव्हतं. इतकी वर्षं मी एक न उचललेली मान जपून ठेवली होती, आणि या बाईने ती माझ्याकडून काढून घेतली. मला ती द्यायची नव्हती.

"सांगते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दार उघडलं. तो आत आला.

"उचलला?"

"उचलला."

"काय म्हणाली?"

"भोक पडलं म्हणाली. कागदाला."

तो खुर्चीत बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "वरून सत्तर नावं मागितली होती. माझ्याकडे एकोणसत्तर झाली होती."

माफ केलं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती, आणि अजून वळत नाही. सकाळची कॉफी भांड्यात उरली होती. दुसरा कप काढला, ओतली, त्याच्यापुढे सरकवली.

"गार झालीय," मी म्हणाले.

"चालेल," तो म्हणाला, आणि सगळी प्यायला.