दाबात राहिलेले पत्र

मित्रांनो, शाळेच्या सहलीबरोबर इथे येणारी मुले मला पाहिले की हमखास विचारतात, "हे लिंबं पिळायचं यंत्र आहे का?" त्यांची काही चूक नाही. दोन जाड लोखंडी पाट्या, त्यांच्यामधून वर गेलेले मळसूत्र आणि त्यावर दोन मुठींचा आडवा दांडा, असे माझे रूप आहे. पण मी आयुष्यात एकही लिंबू पिळलेले नाही. मी पत्रांच्या नकला काढणारा दाब आहे, आणि आता या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, वाचनाच्या खोलीच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लालभडक लोखंड साच्यात पडले तेव्हाची धग मला अजून आठवते. एका रंगाऱ्याने माझ्या अंगावर सोनेरी वेल काढली आणि मला एका मोठ्या घराण्याच्या कचेरीत पाठवून दिले. तिथे माझे काम सोपे होते. कारकून खास शाईने पत्र लिही. मग पातळ कागदांच्या वहीतले एक पान किंचित ओले करून त्यावर ते पत्र ठेवी, वही माझ्या पाट्यांमध्ये सरकवी आणि दांडा फिरवी. मी दाबले की पत्राची शाई वहीच्या पानावर उतरे. पत्र टपालाने जाई आणि त्याची नकल घरी राही.

त्या घराभोवती दोन बागा होत्या, त्यांच्यामध्ये दार असलेली एक भिंत होती, आणि त्या बागा पाहायला लांबून माणसे येत. म्हातारे मालक बागांच्या नादात बुडालेले असत. बियाणे विकणाऱ्यांना, दुसऱ्या बागांच्या मालकांना, रोपे पाठवणाऱ्या मित्रांना ते रोज पत्रे लिहीत. नकल नीट उठली की म्हणत, "या दाबाला तोड नाही." मला फार बरे वाटे.

ते गेले आणि घराची वाटणी झाली. अर्धे घर थोरल्या मुलाचे, अर्धे धाकट्याचे. भिंतीपलीकडची, तळ्याची बाग थोरल्यांना मिळाली आणि अलीकडची, फळझाडांची बाग धाकट्यांना. टेकडीवरच्या झऱ्याची टाकी धाकट्यांच्या हद्दीत आली. टाकीतून निघालेला पाट त्यांच्या बागेतून उघडा वाहत येई आणि भिंतीखालच्या विटांच्या बोळातून, म्हणजे एका अरुंद बोगद्यातून, थोरल्यांच्या तळ्यात पडे. कचेरी मात्र दोघांची एकच राहिली. कारकूनही एकच. तो सगळे ऐके आणि कुठेच काही बोलत नसे, म्हणून सगळे त्याला टिपकागद म्हणत.

भिंतीलगत एक जुने अक्रोडाचे झाड होते. थोरल्यांची बायको दुपारी त्याच्याखाली विणकाम करत बसे. ती आजारपणात गेली, आणि त्यानंतर थोरले काही दिवस परगावी गेले असताना धाकट्यांनी ते झाड तोडले. मुळे पाटात शिरत होती, हे खरे होते. विचारायला हवे होते, हेही खरे होते. थोरले परत आले. त्यांनी बुंध्याकडे पाहिले आणि ते वर निघून गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचे बोलणे बंद झाले.

जे काही सांगायचे ते पत्राने. मित्रांनो, जिना उतरून दहा पावले चालले की ज्याच्याशी बोलता येईल त्याला पत्र लिहायचे, आणि वर त्याची नकल ठेवायची. सकाळी थोरले कचेरीत येऊन सांगत, "लिहा. आपल्या बागेतील मधमाश्या आमच्या गुलाबांवर येतात, त्यांचा बंदोबस्त व्हावा." दुपारी धाकटे त्याच खुर्चीवर बसून त्याच टिपकागदाला सांगत, "लिहा. मधमाश्यांना पत्र वाचता येत नाही, तरी आपण आपले गुलाब झाकून ठेवावेत." टिपकागद मान खाली घालून दोन्ही पत्रे लिही, आणि दोन्ही माझ्या पोटात घाली.

सुरुवातीला मला गंमत वाटली. पुढे शब्दांना धार येत गेली. वकिलांची नावे येऊ लागली. भिंतीतल्या दाराला थोरल्यांनी कुलूप घातले. तेव्हा धाकट्यांनी टाकीची झडप बंद केली आणि पाणी तोडले. पाट कोरडा पडला. तळे आटले, तळाचा चिखल भेगाळला. खिडकीशी असल्यामुळे मला दोन्ही बागा दिसत, आणि दोन्हीकडे पाहवत नसे.

धाकट्यांना एक मुलगी होती. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिला भिंगरी म्हणत. सात वर्षांची, अंगाने काडी. पाट कोरडा पडल्यावर तिला एक वाट सापडली. बूट काढून ठेवायचे, भिंतीखालच्या बोळात शिरायचे आणि सरपटत थोरल्या काकांच्या बागेत निघायचे. आटलेल्या तळ्याकाठी काका एकटेच बाकावर बसलेले असत. पहिल्या दिवशी ते दचकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या केसांतली जळमटे काढली. नंतर तर दुपार झाली की ते बाकावर येऊन बोळाच्या तोंडाकडे बघत बसत. भावाला पत्रात "आपण" म्हणणारा तो माणूस तिच्याशी तासन्‌तास बोलत असे. हे मला खिडकीतून दिसे. घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते.

शेवटी वकिलांनी तोड काढली. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी थोरल्यांच्या पहारेकऱ्याने स्वतः जाऊन झडप उघडायची, आणि धाकट्यांनी आडवे यायचे नाही. तसे पत्र निघाले, त्याचे उत्तर आले, दोन्हींच्या नकला मी काढल्या.

त्या संध्याकाळी थोरले कचेरीत आले. पहारेकरी टेकडीकडे निघून गेला होता. थोरले म्हणाले, "लिहा. पाण्याचा प्रश्न मिटला. आता भिंतीतील दार विटांनी कायमचे बुजवून घेत आहोत. यापुढे उभय बाजूंनी कोणताही संबंध राहू नये." टिपकागदाने लिहिले, पान ओले केले, वही माझ्यात ठेवली आणि दांडा आवळला.

तेवढ्यात भिंगरीची आई दारात आली. घरच्या रिवाजाप्रमाणे तिने थोरल्या दिरांकडे पाहिले नाही. ती टिपकागदालाच म्हणाली, "भिंगरी इकडे आली होती का हो? जेवल्यापासून दिसत नाहीये."

"नाही बाई," टिपकागद म्हणाला.

"तिचे बूट पाटाशी पडलेत. भिंतीजवळ. अनवाणी कुठे गेली कोण जाणे."

ती हे वैतागून म्हणाली. त्या बुटांचा अर्थ तिला कळला नव्हता. थोरल्यांना कळला. आदल्याच दिवशी त्यांनी तिला बजावले होते, उद्यापासून पाणी येईल, आता येऊ नकोस. तरी ती गेली होती. आणि आज बाकावर कोणी नव्हते, कारण ती येणार नाही असे काकांनी धरले होते, आणि आता ते इथे, माझ्यासमोर, दार बुजवण्याचे पत्र लिहवून घेत होते.

ते खुर्चीचा हात धरून उठले आणि म्हणाले, "लिहा. बंधू यांस. ताबडतोब..."

टिपकागदाने टाक उचलला. मग तो खाली ठेवला. इतक्या वर्षांत मालकांना उलट उत्तर दिलेले मी त्याच्याकडून कधी ऐकले नव्हते. तो हळू आवाजात म्हणाला, "मालक, पत्र पोचेपर्यंत पाणी पोचेल."

थोरले खुर्ची मागे सारून निघाले. मग खिडकीशी आले. त्यांनी माझ्या दांड्याचा आधार घेतला आणि ते बाहेर वाकले. खाली बागेत धाकटे एका रोपाला काठी बांधत होते, पाठमोरे.

"छोट्या," थोरल्यांनी हाक मारली.

धाकट्यांनी वळून पाहिले, पण कोण बोलावते आहे हे त्यांना उमजलेच नाही. ते नाव लहानपणानंतर कोणी उच्चारले नव्हते.

"छोट्या, वर पळ. पाणी बंद कर. पोर बोळात आहे."

धाकट्यांच्या हातातली काठी पडली. एकही प्रश्न न विचारता ते टेकडीकडे धावत सुटले. भिंगरीची आई किंकाळी तोंडातच दाबून जिना उतरली. तिच्यामागून थोरले गेले, दुखऱ्या गुडघ्याचे भान न ठेवता, खिशातली दाराची किल्ली चाचपत. टिपकागदही धावला. कचेरीत मी एकटा उरलो. माझ्या पाट्यांमध्ये ते पत्र तसेच आवळलेले होते आणि मला ते सोडता येत नव्हते.

मित्रांनो, लोखंडाला पाय नसतात. मला फक्त खिडकीतून पाहता येत होते. टेकडीवर धाकटे ठिपक्याएवढे दिसत होते, आणि टाकीपाशी पहारेकरी झडपेचे चाक फिरवत होता. मग माझी नजर पाटाकडे गेली. आधी तळातली वाळलेली पाने सरकली. ती थांबली, आणि पुन्हा सरकली. त्यांच्यामागून मातकट पाण्याची एक जीभ आली. ती दगडांना चाटत, वळणावर रेंगाळत, भिंतीकडे निघाली. मागचे पाणी तिला ढकलत होते. दाराचे कुलूप गंजले होते, किल्ली फिरत नव्हती. थोरले दारावर खांदा मारत होते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार कडीसकट निखळले आणि सगळे पलीकडे गेले. पाणी बोळात शिरले.

मग मला काही दिसेना. ते बोळाचे तोंड भिंतीच्या आड होते. बूट तेवढे दिसत होते, पाटाच्या काठावर जोडीने ठेवलेले, आणि त्यांच्या शेजारून पाणी वाहत होते. बराच वेळ कुठूनच आवाज आला नाही.

मग पाणी उतरू लागले. काठाचे ओले दगड उघडे पडले. आणि भिंतीपलीकडून रडणे ऐकू आले, मोठ्याने, भोकाड पसरून, एका लहान मुलीचे. तसे गोड गाणे मी पुन्हा ऐकले नाही.

पुढचे मला कचेरीतल्या बोलण्यातून कळले. भिंगरीचा फ्रॉक बोळाच्या पलीकडच्या तोंडाजवळ एका मुळीत अडकला होता. हाका मारून तिचा आवाज बसला होता. थोरले पालथे पडून खांद्यापर्यंत बोळात घुसले, त्यांनी तिचा हात धरला आणि फ्रॉक फाटेपर्यंत ओढले. पाणी तिच्या हनुवटीपर्यंत आले होते. टाकीपाशी पहारेकरी धाकट्यांना म्हणाला होता, "थोरल्या मालकांचा लेखी हुकूम आहे, मला थांबता येणार नाही." धाकट्यांना धापेमुळे बोलता येईना. ते एवढेच म्हणाले, "भिंगरी," आणि मग दोघांनी मिळून चाक उलटे फिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ कचेरीत आले. थोरल्यांचा खांदा पट्ट्यात होता. दोघे समोरासमोर बसले. टिपकागदाने टाक उचलून विचारले, "आज काय लिहायचं?"

"काही नाही," थोरले म्हणाले. मग जमिनीकडे बघत धाकट्यांना म्हणाले, "अक्रोड तोडायला नको होतास."

"नको होता," धाकटे म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं होतं. सांगायला तोंड नव्हतं."

"आणि मला ऐकायला कान नव्हते."

गळाभेट वगैरे काही झाली नाही. भावाभावांत पुढेही खटके उडाले, पण समोरासमोर, चढ्या आवाजात, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत संपणारे. भिंतीतल्या चौकटीला पुन्हा दार बसले नाही. टिपकागदाने मला उघडले तेव्हा रात्रभर दाबून राहिलेले पत्र वहीच्या पानाला चिकटले होते. सगळी शाई फुटून पानावर एक निळा डाग उरला होता. त्याने ते पान तसेच वहीत राहू दिले.

त्यानंतर माझे काम कमी झाले. टंकलेखन यंत्र आले, कार्बन पेपर आला, आणि मला अडगळीत टाकले. भिंगरी तेवढी येई आणि माझ्या पाट्यांमध्ये दोन्ही बागांतली फुले दाबून ठेवी. ती सासरी गेली. मग मला गंज चढला, सोनेरी वेल झडली, कोणी मला दाराला अडसर म्हणूनही वापरले. पुढे बागा सर्वांसाठी खुल्या झाल्या, घराण्याची पत्रे या संग्रहात आली आणि त्यांच्याबरोबर मीही आलो. हा संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी मला तेल दिले, घासूनपुसून ठेवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हल्ली एक तरुण अभ्यासक रोज इथे येते. त्या बागांवर ती पुस्तक लिहिते आहे. हातात हलके मोजे घालून, एकेक पान जपून उलटते. काल ती त्या निळ्या डागापाशी आली. त्यापुढची पाने तिने चाळली आणि बाईंना म्हणाली, "इतकी वर्षं रोज भांडत होते, आणि इथून पुढे भावांचं एकमेकांना एकही पत्र नाही. संबंध कायमचे तुटले असणार. तसंच लिहिते."

तिने पेन्सिल उचलली. माझे मळसूत्र जणू आतून आवळले गेले. मी ओरडलो असतो, पण लोखंडाला आवाज नसतो.

मित्रांनो, जुनी पत्रे जपा. त्यांना वाळवी लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, रद्दीत घालू नका. पण माणसे बोलू लागली की पत्रे थांबतात, हेही लक्षात ठेवा. कोऱ्या पानापाशी आलात की घाईने निकाल लावू नका. आधी आसपास बघा, ज्याला ठाऊक असेल असे कोणी अजून आहे का. कागद वाट पाहतो, माणसांना तेवढा वेळ नसतो.

बाईंनी एक जुनी नोंदवही काढली. मग म्हणाल्या, "धाकट्यांची मुलगी आहे की अजून. ही पत्रं त्यांनीच आणून दिली होती. लिहिण्याआधी एकदा विचारून तर बघ." त्यांनी नंबर शोधून दिला.

अभ्यासक मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि फोन लावला. खोली इतकी शांत होती की पलीकडची घंटा मलाही ऐकू येत होती. ती वाजत राहिली. मुलगी फोन ठेवणार, इतक्यात पलीकडे कोणीतरी तो उचलला. आवाज म्हातारा होता, पण ठणठणीत.

"हं," भिंगरी म्हणाली, "बोला."