अकरा बाइट जास्त

"परत मोजा, ग्लेनिस," डेमियन दारातूनच म्हणाला.

"तीनदा मोजली, पोरा. फाइल आहे ही. सुकी मासळी नव्हे, वजनात घट यायला."

टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या बंदर-कचेरीत ग्लेनिस टॅरंट एकतीस वर्षं प्रोग्रॅम लिहीत होती. खाडीच्या तोंडावर वाळूची दांडी आहे. तिथल्या लाटा बोटी गिळतात. दांडीपाशी एक पिवळा बोया तरंगतो आणि लाट तीन मीटरच्या वर गेली की शेवंड धरणाऱ्या बोटींना 'थांबा' म्हणून कळवतो. त्याच्या पोटातल्या जुन्या चिपमध्ये जागा ८,१९२ बाइट. बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर मावेल एवढी खोली. सेन्सर नवा बसवला म्हणून प्रोग्रॅमही नव्यानं लिहायचा होता आणि होबार्टच्या साहेबांनी बजावलं होतं: दुपारी बाराला बोट निघेल, तोवर चिपमध्ये मावणारा प्रोग्रॅम द्या, नाहीतर बोया कायमचा उचलून आणा.

डेमियन हा त्याच साहेबांनी धाडलेला तरुण अधिकारी. त्याला तक्ता हवा होता: काम एकच, भाषा तीन, कुठली फाइल केवढी. 'गो' भाषेतली भरली १८,४१,२०८. दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या पाहुणीनं पलंगासकट यावं तशी. 'रस्ट'ची ३,१२,४४०. आणि 'सी'ची बरोब्बर ८,१९२! ग्लेनिसनं टाळी वाजवली, एक बिस्किट खाल्लं आणि खात्रीसाठी फाइल पुन्हा बनवली.

८,२०३.

प्रोग्रॅमला तिनं बोट लावलं नव्हतं. रस्टची पुन्हा बनवली, अकरा जास्त. 'गो'ची बनवली, अकराच जास्त. आता या तिघी काही सख्ख्या बहिणी नव्हेत, एकीची खोड दुसरीला असायला. शिवाय जागा घ्यायची तर ही यंत्रं चाराच्या पटीत घेतात. अकरा हा आकडा त्यांच्या तोंडी येतच नाही.

"तुमचं मशीन म्हातारं झालंय," डेमियन म्हणाला. "माझ्या लॅपटॉपवर करा."

तिथंही अकरा.

"हा गेल्या महिन्यात घेतलाय हो मी," तो पुटपुटला आणि खुर्ची जरा मागे सरकवून बसला. "कसला वास येतोय?"

ओल्या शेवाळाचा. खिडकी तर बंद होती.

ग्लेनिसनं फाइलचं पोट उघडलं. आकड्यांच्या जंजाळात अगदी टोकाला इंग्रजी अक्षरं दिसली, मधल्या मोकळ्या जागा धरून अकरा: 'केटल ऑन जी'.

किटली ठेव, जी.

जी म्हणजे ग्लेनिस. या नावानं तिला एकच माणूस हाक मारी, मर्व्ह हॉलिक. बोयाचा पहिला प्रोग्रॅम त्याचा. दांडी ओलांडून आत आला की 'पोचलो' असं तो रेडिओवर कधी म्हणायचा नाही. समुद्राला ऐकू जातं म्हणे. किटली ठेवायला सांगायचा, बस. दोन हिवाळ्यांपूर्वी तो बोया दुरुस्त करायला गेला. त्या दिवशी ग्लेनिस अंधार पडेपर्यंत रेडिओपाशी बसली होती.

अक्षरांपुढे शून्य नव्हतं. 'सी'त प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक शून्य लागतं, एका बाइटचं. ते नसेल तर यंत्राला वाक्य संपल्याचं कळत नाही. ते पुढे वाचतच सुटतं. मर्व्ह हमखास विसरायचा. "शून्य, मर्व्ह, शून्य!" ती ओरडायची. "बोलणं संपवायची एवढी काय घाई, जी?" तो म्हणायचा.

"पावणेबारा झाले," डेमियन म्हणाला. "कचरा आहे तो. काढून टाका."

"दोनदा काढला. परत येतोय."

"मग मावणार कसं?"

प्रोग्रॅमच्या शेवटी करणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, ही त्या कचेरीची रीत. 'जी एम टॅरंट': इंग्रजीत जागा धरून अकरा अक्षरं आणि वर शून्य, असे बारा बाइट. ऑगस्टात ती निवृत्त व्हायची होती. समुद्रात जाणारं हे तिचं शेवटचं नाव.

तिनं ते पुसलं.

८,१९१. एक खोली रिकामी राहिली.

ग्लेनिसनं बराच वेळ कळेवर बोट नुसतं टेकवून ठेवलं. मग तयार फाइलमध्येच, मर्व्हच्या वाक्यापुढे, एक शून्य घातलं.

"आलास ना," ती हळूच म्हणाली. "झालं तर मग."

८,१९२. शेवाळाचा वास गेला होता.

डेमियननं फाइल लॅपटॉपमध्ये भरून घेतली आणि दारात थबकला. "तुमचं नाव नाही दिसलं शेवटी."

"ज्याचा बोया त्याचं आहे. पळ, बोट चुकेल."

तो धक्क्याकडे पळाला. ग्लेनिस कोपऱ्यातल्या किटलीकडे गेली. सकाळपासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. डेमियन दुकानातली कॉफी प्यायचा. तिनं हात लावला आणि चटकन मागे घेतला.

तिनं दोन कप काढले. एकात तीन चमचे साखर घातली, चमचा तसाच आत ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मर्व्हला आपलं आपण ढवळून घ्यायला आवडायचं.