माझ्यावर दोन समुद्रघोड्यांचा श्वास अवलंबून होता

मित्रांनो, मी मत्स्यालयातला हवेचा एक जुना पंप आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर कासुर्डीजवळ पोपटरावांचं छोटं मत्स्यालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत आजारी माशांची टाकी असते. तिच्या पाण्यात हवा सोडायची, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? पण मी थांबलो, तर कुणाचा तरी श्वास थांबतो. या विचाराने मला कधीच निवांत वाटलं नाही.

टाक्यांची देखभाल स्वप्नाली करते. ती निमोणे गावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ती मीठ मोजून समुद्रासारखं पाणी तयार करते, मासे खाईनात तर स्वतःही जेवायचं विसरते. माझ्या आत एक पातळ रबर आहे. ते वरखाली हलतं, तेव्हा हवा बाहेर पडते. उन्हाळ्यात ते चिरू लागलं आणि माझा आवाज घोगरा झाला. तिने तो लगेच ओळखला.

"आप्पा, पंपाचं रबर जायला आलंय. नवं आणू या," ती पोपटरावांना म्हणाली.

"चालतोय न्हवं? मग चालू दे की," ते म्हणाले.

मला ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त घरघर करता येते.

मे महिन्यातल्या एका दुपारी रस्त्यावर ट्रक विजेच्या खांबाला धडकला. लाईट गेली. जनरेटर दुरुस्तीला गेला होता. बाकीच्या टाक्यांना बॅटरीवरचा प्रत्येकी एकच नवा पंप होता, तो काढला तर तिथले मासे गुदमरले असते. आजारी माशांच्या टाकीला मी एकटाच. टाकीत दोन समुद्रघोडे होते आणि एक पट्टेरी मासा. त्यातल्या नर घोड्याच्या पोटाच्या पिशवीत पिल्लं होती. होय, त्यांच्यात पिल्लं बापच वागवतो!

स्वप्नालीने मला एका सुट्या बॅटरीला जोडलं, पण मी जेमतेम अर्धा तास चाललो. रबर आतून फाटत होतं, ते मला कळत होतं. अजून थोडं, अजून थोडं, असं मी स्वतःला बजावत होतो. मग फट् असा आवाज झाला आणि बुडबुडे बंद पडले.

पट्टेरी मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. स्वप्नाली धावत आली.

"वच्छलाकाकू, पंक्चरवाल्याकडनं ट्यूबचा तुकडा आणा. पळा! आप्पा, हा मग घ्या. पाणी उचलून वरनं ओता. हवा मिसळली पायजे."

झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाई पदर खोचून पळाल्या. कडक इस्त्रीच्या कपड्यांतले पोपटराव खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून मगाने पाणी उचलून ओतू लागले.

स्वप्नालीने मला टेबलावर उघडलं. मला आता टाकी दिसत नव्हती. फक्त पाणी पडल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मित्रांनो, तेव्हा मी किती घाबरलो, ते सांगता येणार नाही.

"पोरी, हात भरून आलं गं," पोपटराव म्हणाले.

"थांबू नका, आप्पा! त्यांना दम न्हाई धरता यायचा."

पुन्हा पाणी पडू लागलं.

वच्छलाबाई धापा टाकत परतल्या. स्वप्नालीने ट्यूबमधून चकती कापली, बसवली, स्क्रू आवळले. पहिल्यांदा मी चाललोच नाही. तिने पुन्हा उघडून चकती सरळ केली. मग मी एकदा खोकलो आणि टाकीत बुडबुडे उठले.

समुद्रघोडे वाचले. पट्टेरी मासा मात्र तळाशी आडवा पडला, तो उठलाच नाही. पोपटराव ओल्या कपड्यांनी तिथेच स्टुलावर बसले.

"तू सांगितलं व्हतंस. म्या ऐकलं न्हाई," ते म्हणाले.

आता टाकीला नवा पंप आहे. मी त्याच्याशेजारी अडीअडचणीसाठी असतो. भीती मात्र गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही मुकाट राबणाऱ्या वस्तू असतील. त्यांचा आवाज बदलला, तर 'चालतंय की' म्हणू नका. त्यांच्यामागे कुणाचा जीव अडकलाय, एवढं आधी बघा.