रुमालांची गाडी

आमच्या बोरपिंपळ्याहून साक्री बावीस किलोमीटर. एसटी लागावी म्हणून गावाने सात वर्षं निवेदनं दिली, एकदा रास्ता रोकोही केला. रस्त्यावर गाडीच येत नसल्याने तो फार शांततेत पार पडला.

शेवटी आगारातले साहेब कंटाळले. म्हणाले, गुरुवारी नऊला एक फेरी सोडतो. वीस प्रवासी निघाले तर गाडी कायम, नाहीतर विषय बंद.

गाडीची खरी गरज एकीलाच होती. वना शेतकऱ्याची मुलगी पुनम दहावी झाली होती, साक्रीच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं. जीपला लटकून पोर पाठवणार नाही, असं वनाने सांगून टाकलेलं. गाडी लागली तर अकरावी, नाहीतर कांद्याची निंदणी.

गुरुवारी गाडी आली. दार उघडायच्या आत गाव खिडक्यांवर तुटून पडलं. रुमाल, टोप्या, पिशव्या, वनाचा टॉवेल, कोणाची तरी एक चप्पल. दोन मिनिटांत सगळ्या जागा धरून झाल्या. मग मंडळी निर्धास्तपणे पारावर गेली, कारण तिथे लीलाधरनानांचं भाषण होतं. नाना आंदोलनाचे नेते. गावातली एकुलती जीपही त्यांचीच, हा योगायोग.

कंडक्टर मुख्तारभाईंनी आत पाहिलं. पुनम एकटी दांडा धरून उभी.

“बस ना बेटी.”

“कुठे, चाचा? सगळ्या जागा धरेल शेतस,” तिने सीटांवरचे रुमाल दाखवले.

“आणि माणसं?”

“भाषणाला.”

आमच्याकडे दुसऱ्याच्या रुमालावर बसलं तर दोन पिढ्या बोलणं बंद राहतं, म्हणून ती बसली नाही. खिडकीतून मात्र तीनदा हाका मारल्या. ड्रायव्हरने दहा मिनिटं हॉर्न वाजवला, मग गिअर टाकला.

पारावर कोणीतरी म्हणालं, “नाना, गाडी निंघनी.”

“जाऊ दे,” सुगंधाबाई म्हणाल्या, “जागा ते धरेल शे.”

मुख्तारभाईंनी अहवालात खरं तेच लिहिलं: प्रवासी एक, तोही उभा, बसायला जागा नव्हती. गाडी बंद झाली.

शुक्रवारी गाव नानांच्या जीपमध्ये कोंबून आगारात गेलं आणि रुमाल सोडवून आणले. एकही कमी भरला नाही. चप्पलसुद्धा मिळाली. नानांनी याला आंदोलनाचं यश म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जीप परतली तेव्हा पुनम रस्त्याकडेच्या कांद्यात खुरपत होती. तिने मान वर केली. मागे लटकलेल्या वनाने टॉवेल उंच धरून तिला दाखवला, सापडला म्हणून.