ब्रेकसरांच्या नाकासमोर

मित्रांनो, हे जग धरून ठेवणाऱ्यांच्या जिवावर चाललं आहे. खांब छप्पर धरून ठेवतात, मुळं माती धरून ठेवतात, आई सगळं घर धरून ठेवते. या सगळ्यांनी एका सकाळी ठरवून हात सोडले तर काय अनर्थ होईल, याची नुसती कल्पना करा. अशा या थोर कुळात माझा जन्म झाला. मी एक जुना मोबाइल होल्डर आहे. मी फोन धरतो. तोही बेताच्या आकाराचा असेल तर. मोठा असला की माझा डावा हात अवघडतो.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी अतिशय भित्रा आहे. कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा अंग अजून कोमट होतं, तोच एका तपासनीस बाईंनी मला काचेला चिकटवलं आणि गच्चकन ओढून पाहिलं. मी टिकलो. माझ्या शेजारचा भाऊ निघून हातात आला. बाईंनी त्याला न बघताच मागच्या पिंपात टाकलं. त्या पिंपातून परत आलेला कुणी मला दिसला नाही. तेव्हापासून एकदा चिकटलो की सोडायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. पुढे लोक माझ्या पकडीचं कौतुक करत. मी गप्प बसून ते ऐकून घेई. ती पकड म्हणजे घाबरून मारलेली मिठी होती, हे त्यांना सांगून काय उपयोग?

दुकानातून मला ज्यांनी नेलं ते गाडी शिकवणारे सर होते. त्यांची शिकाऊ गाडी होती, आणि तिच्यात शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. सरांचा पाय सदानकदा त्या ब्रेकवर. घरी जेवतानाही टेबलाखाली तो दाबला जाई, असं त्यांची बायको सांगत असे. म्हणून सगळे त्यांना ब्रेकसर म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात.

मला कुठे बसवायचं यावर सरांनी बराच विचार केला. सगळे जण होल्डर चालवणाऱ्यासमोर लावतात. पण इथे चालवणारा शिकाऊ. त्याचं लक्ष रस्त्यावर हवं, फोनवर नको. फोन हवा सरांना. म्हणून त्यांनी मला शेजारच्या बाजूला, डॅशबोर्डवर, बरोबर स्वतःच्या नाकासमोर बसवलं. आधी जागा फडक्याने पुसली, मग अंगठ्याने मला इतकं दाबलं की माझा श्वास कोंडला. चार्जिंगची वायर ओढून फोनला लावली. माझ्या पोटाखाली काहीतरी उंचवट्यासारखं टोचत होतं. कंपनीची नक्षी असेल, असं समजून मी सोसलं.

ते दिवस बरे होते. सर शिष्यांना माझं उदाहरण देत. "याच्याकडून शिका जरा. खड्डा येवो, गतिरोधक येवो, हा हलला का? आणि तुम्ही नुसता हॉर्न ऐकला की स्टिअरिंग सोडता." शिष्य माझ्याकडे रागाने बघत. मला आतून गुदगुल्या होत.

मग एके दिवशी एका नव्या शिष्येचा पहिला धडा होता. ती शिवणकाम करणारी बाई होती, पन्नाशीची, आणि तिने शिवलेले कपडे घरोघर पोचवण्यासाठी तिला गाडी शिकायची होती. सर तिला ताई म्हणत. गाडी उभी होती आणि सर एकेक भाग दाखवत होते.

"ताई, या स्टिअरिंगच्या पोटात एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. एअरबॅग. जोराची धडक बसली की ती झाकण फाडून बाहेर येते आणि पापणी लवायच्या आत फुगते. आपलं तोंड वाचवते."

"बरं झालं. काळजी मिटली."

"मिटली नाही! तिच्या वाटेत काही ठेवलंत तर तीच वस्तू दगडासारखी तोंडावर येते. बाहुली नको, अत्तराची बाटली नको, काही नको. अहो, माणसं नाक-डोळे गमावून बसतात."

"अगं बाई! आणि तुमच्या बाजूला नसते का हो पिशवी?"

"असते ना. या इथे," असं म्हणून सरांनी माझ्या डोक्यावर थोपटलं.

मित्रांनो, माझ्या हातापायांतलं त्राण गेलं. हात दोनच आहेत आणि पाय नाहीत, तरीही गेलं. पोटाला टोचणारी नक्षी ही नक्षी नव्हती, ती 'एअरबॅग' अशी अक्षरं होती. मी एअरबॅगच्या झाकणावर बसलो होतो आणि माझ्यासमोर, वीतभर अंतरावर, सरांचं नाक होतं. ते नाक मला पाठ होतं. चष्मा खिशात ठेवून फोनवरचा नकाशा वाचायची त्यांना सवय, त्यामुळे ते दर दोन चौकांनी माझ्याजवळ येई. मी सरांची मिशी केसाकेसाने ओळखत होतो. ताईंनीही काही बघितलं नाही. त्या बिचाऱ्या क्लच कुठला हे शोधत होत्या.

हा धडा सरांनी तेव्हा नुकताच सुरू केला होता, पुढे ते तो प्रत्येकाला देत. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यावर थोपटत. आणि मग तीच गाडी अशा माणसांच्या हाती देत, ज्यांना ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांतला फरक नुकताच कळला होता.

त्यांतल्या ताई सगळ्यांत भयंकर. मनाने सोनं, पण पाय शिलाई मशीनचा.

"ताई, हळू! क्लच हळू सोडा!"

"सर, माझा जन्म गेला मशीन मारण्यात. घाई असली की पाय दाबायचा, एवढंच या पायाला कळतं."

"इथे पाय दाबला की आपण दोघंही पुढे जातो, ताई. कायमचे."

"अशुभ बोलू नका हो. आधीच माझे हात गार पडलेत."

गार मीही पडलो होतो. रस्त्यात भाजीची हातगाडी आली की मी डोळे मिटायचा प्रयत्न करी. कचऱ्याचा ट्रक समोर थांबला की सगळ्या आयुष्याचा हिशेब डोळ्यांपुढून जाई. तसा तो फार लांब नव्हता: साचा, पिंप, दुकान, नाक.

दुपारी गाडी सावलीला लावून सर थांबत, तेव्हा त्यांच्या बायकोचा व्हिडिओ कॉल येई. माझ्याच हातातून त्या बोलत.

"अहो, मला नुसतं नाक दिसतंय. बाकीचा चेहरा कुठे ठेवलात?"

"चष्मा खिशात आहे."

"जेवलात का?"

"शिकवतोय."

"ते मी विचारलं नाही. काल डबा तसाच परत आला."

"वहिनी, मी जेवायला घालते यांना," शेजारच्या सीटवरून ताई ओरडत. "नाहीतर गाडी जागची हलवत नाही."

"तुम्ही हलवत नाही तेव्हाच मला सुरक्षित वाटतं," सर म्हणत, आणि फोनमधल्या बाई खळखळून हसत. "जीव सांभाळा हो त्यांचा," असं हसता हसता म्हणून त्या फोन ठेवत. त्या ते ताईंना म्हणत. पण ऐकत मी असे. ज्या माणसाची वाट बघत कुणीतरी जेवायचं थांबतं, त्याच्या नाकावर मी नेम धरून बसलो होतो. त्याने स्वतःच मला बसवलं होतं, आणि मी तिथून हलत नाही म्हणून माझीच पाठ थोपटत होता.

शेवटी मी ठरवलं, सुटायचं. बोलायला सोपं आहे. ज्याने जन्मभर धरलं त्याला सोडता येत नाही. एका मोठ्या खड्ड्यात मी अंग सैल केलं आणि एका कोपऱ्यातून सुटलो. सरांना लगेच दिसलं. "अरे अरे, थकलास का?" असं प्रेमाने म्हणत त्यांनी तो कोपरा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला. वरून चिकटपट्टीही लावली. आता मी पूर्वीपेक्षा घट्ट झालो होतो. त्या दिवशी मला रडू आलं, पण होल्डरला रडण्याची सोय नसते.

ताईंची परीक्षा दोन दिवसांवर आली. सरांनी त्यांना भर दुपारी सरावाला बोलावलं. गाडी बराच वेळ उन्हात तापत उभी होती. काच तापली, डॅशबोर्ड तापला. सरांनी फोन माझ्या हातात दिला, वायर जोडली, नकाशा सुरू केला. एकीकडून ऊन, दुसरीकडून चार्जिंग. फोन असा भाजत होता की मला तो टाकून द्यावासा वाटला. माझ्या पोटाचा गोंद पाघळायला लागला. एरवी असं झालं की मी झाकणाला आणखी बिलगत असे. समोर पिंप दिसे. त्या दुपारी मी समोर बघितलं तर नाक होतं, त्यावर घामाचा एक थेंब होता, आणि ते नाक नकाशा वाचायला हळूहळू जवळ येत होतं.

मी सोडलं.

आधी एक कोपरा गेला, मग दुसरा. चिकटपट्टी चर्रर्र करत निघाली. फोनसकट मी सरांच्या गुडघ्यावर आदळलो आणि पायाशी पडलो.

"थांबवा! ताई, बाजूला घ्या!"

"काय झालं? मी काय केलं?"

"तुम्ही नाही, यानं केलं." सरांनी मला उचलून पुन्हा झाकणावर दाबलं. मी घसरलो. पुन्हा दाबलं. माझ्या पोटाला पायपुसण्याची सगळी माती लागली होती, आयुष्यात पहिल्यांदा मला घाणीचा आनंद झाला. "कामातून गेला," असं म्हणून सरांनी मला आणि फोनला दाराच्या कप्प्यात कोंबलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एवढंच. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडंसं वाटलं.

पुढच्याच वळणावर गल्लीतून एक टेम्पो आडवा आला. "ब्रेक! ताई, ब्रेक!" सरांनी त्यांचा ब्रेक दाबला. ताई घाबरल्या, आणि घाबरल्यावर त्यांच्या पायाने जन्मभर जे केलं तेच केलं. गाडी क्षणभर दोघांच्या पायांत अडकून थरथरली, मग टेम्पोला चुकवून कडेच्या दिव्याच्या खांबावर जाऊन धडकली. धाडकन आवाज झाला. त्या आवाजाच्या आतच दुसरा आवाज झाला. मग काहीच ऐकू येईना.

मी कप्प्यात डोकं खाली घालून पडलो होतो. वर बघायचं धाडस होत नव्हतं. मित्रांनो, तसा वेळ माझ्यावर पुन्हा कधी येऊ नये.

"सर?" ताईंचा आवाज आला, फाटलेल्या कापडासारखा. "सर, बोला ना हो. काहीतरी बोला."

"गिअर... न्यूट्रलला घ्या," सर म्हणाले.

ताई रडायलाच लागल्या.

गाडीभर पांढरी भुकटी उडाली होती. रविवारी काळ्या केलेल्या सरांच्या मिशा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. समोर पिशवी लोंबत होती, झाकण मधोमध फाटून उलटलं होतं. सरांनी नाकाला हात लावून बघितला. होतं. मग त्यांची नजर झाकणाच्या फाटक्या तुकड्यावर गेली. तिथे माझ्या गोंदाचा चौकोन होता, आणि त्या चौकोनात ठसठशीत अक्षरं. सरांनी खिशातून चष्मा काढला, वाकडा झालेला, तो तसाच घातला आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग त्यांनी मला कप्प्यातून काढलं, उलटं केलं. माझ्या पोटावर तीच अक्षरं उलटी उमटली होती.

"सर," ताई म्हणाल्या, "हा तिथेच असता तर?"

तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलात का?"

"नाही गं." सरांनी मिशीवरची भुकटी झटकली. "आज घरी येऊन जेवतो."

"आवाज का असा येतोय?"

"नाकात भुकटी गेली आहे."

"कसली भुकटी?"

"आल्यावर सांगतो. तू... तू वाढून ठेव." एवढं बोलून त्यांनी फोन बाजूला केला आणि खिडकीबाहेर डोकं काढून खांब न्याहाळला. ताई गाडी परत कधीच चालवणार नाही म्हणत होत्या. सर न वळताच म्हणाले, "खांबाला काही झालेलं नाही. परवा परीक्षा आहे. माझ्या मित्राची गाडी मागून घेतो."

त्या पास झाल्या. दुसऱ्या खेपेला.

गाडी दुरुस्त झाल्यावर सरांनी मला धुतलं, नवा गोंद लावला आणि खाली, गिअरच्या पुढे, दोन सीटांच्या मधोमध बसवलं. आधी बोटाने चाचपून खाली काही लिहिलेलं नाही ना याची खात्री केली. इथून मला ना रस्ता दिसतो, ना कुणाचं नाक. कौतुकही होत नाही. पहिल्या धड्याला मात्र सर प्रत्येक शिष्याचा हात धरून त्या झाकणावर ठेवतात आणि अक्षरं चाचपायला लावतात. परवा एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "सर, यावर होल्डर लावण्याइतकी मूर्ख माणसं असतात का हो?"

"असतात," सर म्हणाले. "काही तर शिकवतातही."

तर मित्रांनो, आम्हाला कुठेही बसवा, पण आधी आमच्या पोटाखाली काय आहे ते बघा. एअरबॅगच्या वाटेत नको, चालवणाऱ्याचा रस्ता झाकेल असं नको, कडक उन्हात नको. तुमचा फोन पडला तर दुसरा मिळेल. नाकाच्या बाबतीत दुकानदार हात वर करतात. आमची पकड घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण आम्ही सांगाल तिथे चिकटतो, शहाणपण आम्हाला चिकटत नाही.

आणि एक बारीकशी विनंती. गाडीतून उतरताना फोन काढून घेता, तेव्हा चार्जिंगची वायर माझ्या खांद्यावर लोंबकळत ठेवू नका. ती वाऱ्याने हलते, आणि मला साप वाटतो.